उजेड कुठे अडतो?

मोटारगाडीचे वय किती झाले म्हणजे तिने रस्त्यावरून उठावे, हा प्रश्न गेली काही वर्षे आपल्याकडे फार वरच्या पातळीवर चर्चिला जात आहे. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात वाहन भंगार धोरण जाहीर झाले आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचा रीतसर प्रारंभ झाला. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरील गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाडी चालू नये, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली शिक्कामोर्तब केले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अशा गाड्यांच्या मालकांवर कठोर कारवाई नको म्हटले, आणि डिसेंबरात ही सवलत बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरती ठेवली. थोडक्यात, गाडीचा जन्मदाखला हा आता राष्ट्रीय चर्चेचा विषय झाला आहे.

आमच्या जामनेरला ही चर्चा पोहोचते ती पावतीच्या रूपाने. खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी दाखवून तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. या नूतनीकरणाची फी मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवी अधिसूचना निघाली आणि गाडीचे वय वीस वर्षांवर असेल तर १०,००० असा आकडा आला. मोटारसायकलवाल्याला २,०००. आपल्या राज्याचा पर्यावरण कर त्याशिवाय. फीमागचा हेतू उघड आहे : जुनी गाडी बाळगणे महाग करा, म्हणजे लोक ती आपणहून सोडतील.

हेतूबद्दल वाद घालायचे मला कारण नाही. पण एवढी फी भरून, शिक्का मारून घेऊन जी जुनी गाडी पुन्हा पाच वर्षांसाठी रस्त्यावर येते, तिला रात्री रस्ता दिसतो का? आणि तिच्यासमोरून येणाऱ्याला ती दिसते का? गाडीचे वय कागदावर असते. तिचे डोळे बोनेटच्या दोन्ही अंगाला असतात, आणि त्या डोळ्यांविषयी आपण फार कमी बोलतो. हेडलाइट ही बाब गॅरेजवाल्याची, तिच्यावर रविवारच्या पुरवणीत काय लिहायचे, असे कुणाला वाटेल. माझे म्हणणे असे की जुन्या गाडीच्या मंद दिव्याचे कारण शोधायची जी रीत आहे, ती रीत आपल्या धोरणांनाही लागू केली तर बरेच प्रश्न स्वस्तात सुटतील.

रात्रीचा रस्ता

जामनेरहून रात्री बाहेर पडायचे म्हणजे रस्त्यानेच. पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी, जिला आम्ही पीजे म्हणतो, शंभर वर्षांची सोबत करून २०२० च्या टाळेबंदीत थांबली. रुंद गेजचे काम हाती घेण्यात आले खरे, पण ज्याला संध्याकाळनंतर पाचोऱ्याला किंवा जळगावला पोहोचायचे आहे, त्याने आज रस्ताच धरायचा. पहूरमार्गे अजिंठ्याकडे, नेरीमार्गे जळगावकडे, बोदवडकडे, फत्तेपूरकडे, कुठेही जा. गाव मागे पडले की रस्त्यावर दिवा नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे निघालेली बैलगाडी असते, ट्रॅक्टरला जोडलेली ट्रॉली असते आणि तिच्या मागे लाल दिवा असेलच याची खात्री नसते. शेतात पाणी द्यायला रात्रीच्या विजेच्या पाळीला निघालेला माणूस कडेने चालत असतो, अंगावर काळी घोंगडी. या सगळ्यांना पाहायचे काम दोन दिव्यांनी करायचे असते.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे गेली. दिवसाचे तीन-तीन तासांचे तुकडे पाडले तर सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात होतात. दिवेलागणीची, घरी परतायची वेळ. मेलेल्यांत जवळजवळ निम्मे दुचाकीवरचे आणि पाचातला एक पायी चालणारा. म्हणजे ज्याच्याभोवती लोखंडी पेटी नाही, असा माणूस.

आता साधा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, ते काय आहे हे डोक्याने ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद तरी जातो. म्हणजे २५ मीटर. त्यानंतर चांगले टायर, चांगले ब्रेक असतील तर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण पन्नास मीटरच्या आसपास. ज्या गाडीचा दिवा तीस मीटरपर्यंतच उजेड टाकतो, ती गाडी साठच्या वेगाने म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधूनच चालली आहे. मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये १०५ व्या नियमाने अपेक्षा ठेवली आहे ती १५५ मीटरवरचा माणूस आणि वाहन स्पष्ट दिसण्याची. आमच्या रस्त्यांवरच्या किती जुन्या गाड्या या कसोटीला उतरतील, हे वाचकांनी आपापल्या गाडीत बसून ठरवावे.

यात वयाचाही भाग आहे. गाडीच्या आणि आपल्याही. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. बाहुली लहान होते, भिंग पिवळे होते. समोरून झोत आला तर त्यातून सावरायला वेळही जास्त लागतो. माझ्यासारखा निवृत्त माणूस आणि त्याची नोकरीच्या काळात घेतलेली गाडी अशी जोडी रात्री निघाली, म्हणजे दोन्हीकडून उजेड कमी. गावोगावच्या अनेक घरांत आज हीच जोडी आहे. मुले पुण्याला, मुंबईला. घरात आई-वडील आणि पंचवीस वर्षांची मारुती. रात्री छातीत दुखू लागले तर जळगावचा दवाखाना गाठायचा तो तिच्यातूनच.

लक्षणे पाहा, मग औषध

गाडीचा दिवा बिघडला म्हणजे आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला : बल्ब बदला. बल्ब बदलून भागले नाही तर मोठा बल्ब घाला. वैद्याने नाडी न पाहता डोस वाढवत जावा, तसा हा प्रकार. वास्तविक दिवा आपले दुखणे फार स्पष्ट सांगत असतो. ऐकायची सवय पाहिजे.

दोन्ही दिवे एकदम गेले, तर दोन्ही बल्ब एकाच वेळी उडण्याची शक्यता कमी. दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असणार : फ्यूज, स्विच, रिले किंवा तिथपर्यंत येणारी मुख्य वायर. एकच दिवा गेला, तर त्याचा बल्ब, त्याचा होल्डर किंवा त्याचे अर्थिंग पाहायचे. डीपर लागतो पण अपर लागत नाही, असे एका बाजूला होत असेल तर बल्बमधली एक तार तुटली. दोन्ही बाजूंना होत असेल तर डीपरचा स्विच. खड्ड्यात गाडी आदळली की दिवा लुकलुकतो, तर कुठेतरी जोड सैल आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर दिवा उजळतो आणि गाडी उभी असताना पिवळा पडतो, तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरीकडे जायचे. इंडिकेटर लावला की हेडलाइटही त्याच्या तालावर कमीजास्त होतो, हे तर अर्थिंग खराब असल्याचे जवळजवळ खात्रीचे लक्षण. विजेला परतीची सरळ वाट सापडत नाही म्हणून ती शेजारच्या दिव्यातून वाट काढते.

बल्ब वारंवार उडत असेल तर बल्बच्या कंपनीला शिव्या देण्याआधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचा व्होल्टेज मोजावा. तो साधारण १४ च्या आसपास हवा. पंधराच्या वर गेला असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर काम करत नाही. बल्बला पाच टक्के जास्त व्होल्टेज मिळाले तरी त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. हॅलोजन बल्बची काच बोटांनी धरली असेल तरी तो लवकर जातो. बोटाचे तेल तापलेल्या काचेवर डाग धरते. फडक्यात धरून बसवायचा, एवढीच काळजी.

आणि दिवा चांगला लागतो, पण रस्ता दिसत नाही, असेही एक दुखणे आहे. तिथे आतला परावर्तक काळवंडलेला असतो किंवा झोताची दिशा चुकलेली असते. जुन्या गोल दिव्यांना काचेचे भिंग असे. ते पुसले की स्वच्छ. पुढे प्लॅस्टिकची कव्हरे आली, आणि खानदेशच्या उन्हात पंधरा उन्हाळे काढलेले प्लॅस्टिक मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखे दुधी-पिवळे होते. आत कितीही भारी बल्ब घाला, मोतीबिंदूच्या मागे काय उपयोग? बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासून, वर उन्हापासून राखणारा लेप दिला तर ते बऱ्यापैकी उघडते.

पोटभर मिळते का?

माझी गाडी २००१ सालची आहे. कर्मचारी कर्जावर घेतलेली, हप्ते फेडून झालेली. तिचे दिवे हळूहळू इतके मंद झाले की समोरच्या मोटारसायकलचा उजेड आमच्यापेक्षा जास्त पडू लागला. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी बोनेटही न उघडता सांगितले, दोन्ही दिवे संपूर्ण बदला, नाहीतर एलईडी टाका. आणि खरे सांगायचे तर आता गाडीच काढा. मग गावातल्या एका ऑटो इलेक्ट्रिकवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे पत्र्याची टपरी, एक मीटर आणि दोन चिमटे लावलेली एक लांब वायर, एवढेच भांडवल. त्याने दिवे लावून आधी बॅटरीवर मोजले : १४.० व्होल्ट. मग बल्बच्या होल्डरवर मोजले : ११.४. मीटर माझ्याकडे वळवत तो म्हणाला, "साहेब, बल्ब चांगला आहे. त्याला पोटभर भेटत नाही."

हे वाक्य मी कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाइतके महत्त्वाचे मानतो. बॅटरीपासून बल्बपर्यंत जाताना आणि परत येताना २.६ व्होल्ट वाटेतच जिरत होते. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के घटले तर प्रकाश सुमारे तीस टक्के घटतो. १४ च्या जागी ११.४ मिळाले तर तो निम्म्यावर येतो. बिल पूर्ण, माल अर्धा.

त्याने चिमट्याच्या वायरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावले आणि दुसरे बल्बच्या अर्थिंगला. दिवा डोळ्यांदेखत उजळला. परतीच्या वाटेचा दोष पकडला गेला. अर्थिंगची वायर बॉडीला जिथे नटाने आवळलेली होती तिथे गंज आणि हिरवट थर साचला होता. तो खरवडून नवा लग बसवला. जाण्याच्या वाटेवर दुसरा दोष होता : हेडलाइटचा सगळा विद्युतप्रवाह डॅशबोर्डवरच्या पंचवीस वर्षे झिजलेल्या स्विचमधून जात होता. ५५ वॅटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. त्याने बॅटरीजवळ दोन रिले बसवले, जाड वायर ओढली, वाटेत फ्यूज घातला. आता स्विच फक्त हुकूम देतो, ओझे रिले वाहतो. सगळा खर्च सातशे रुपये झाला आणि बल्ब जुनेच राहिले.

या जागी एक इशारा. शंभर-नव्वद वॅटचे बल्ब बाजारात सर्रास मिळतात. मूळ वायरिंगवर ते घातले तर वायर तापते, होल्डर वितळतो, स्विच जळतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार घालणारे महाभागही आहेत. उडणारा फ्यूज कुठेतरी शॉर्ट आहे असे ओरडून सांगत असतो. त्याचे तोंड बांधले तर पुढचा आवाज आगीच्या बंबाचा.

पांढऱ्या उजेडाची लाट

मंद दिव्याच्या बरोबर उलट दुखणे आज रस्त्यावर पसरले आहे. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीच्या मूळ हॅलोजन दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब खुपसायचा. मालकाला समोर पांढरेशुभ्र दिसते, तो खूश. समोरून येणारा मात्र काही क्षण आंधळा.

याचे कारण शास्त्रीय आहे आणि सोपे आहे. आपल्याकडे रुळलेल्या एच-४ जातीच्या बल्बमध्ये दोन बारीक तारा असतात. त्या कुठे असाव्यात हे मिलिमीटरच्या हिशोबाने ठरलेले असते आणि त्या ठरलेल्या बिंदूवरून निघणारा प्रकाश कुठे वळवायचा, याप्रमाणे मागचा परावर्तक आणि पुढची काच घडवलेली असते. डीपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, वर जाणारा झोत अडवायला. स्वस्त एलईडी बल्बमध्ये प्रकाश वेगळ्याच जागेवरून, वेगळ्याच आकारातून निघतो. मग परावर्तक बिचारा तो जमेल तसा उधळतो. डोळ्यांत जास्त, रस्त्यावर कमी. कंपनीने मुळापासून एलईडीसाठी घडवलेला दिवा ही गोष्ट वेगळी. त्याची भिंगे त्या प्रकाशासाठीच बनवलेली असतात.

आमच्या पिढीला आठवत असेल, पूर्वी ट्रक-मोटारींच्या हेडलाइटवर मधोमध काळा ठिपका रंगवलेला असे. उपाय ओबडधोबड होता, पण त्यामागे एक समजूत होती की माझ्या दिव्याने दुसऱ्याचे डोळे दिपू नयेत. नियम आजही तेच सांगतो. १०६ व्या नियमाप्रमाणे दिव्याचा झोत कायम खाली वळवलेला हवा, आठ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे दिपता कामा नयेत. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत गाडीमालकाने मनाला येईल तसा बदल करू नये, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. हा प्रश्न आपल्यापुरताच आहे असेही नाही. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच दिवे लावण्याचा नियम होता. ब्रिटनमध्ये अलीकडे झगमगत्या हेडलाइटच्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला त्यावर स्वतंत्र अभ्यास हाती घ्यावा लागला.

जास्त उजेड म्हणजे चांगले दिसणे, ही समजूतच तपासून पाहिली पाहिजे. अजिंठ्याची लेणी आमच्या हाकेच्या अंतरावर आहेत. विजेचे दिवे नव्हते तेव्हा तिथले वाटाडे दारात आरसे आणि पांढरी कापडे धरून सूर्याचा उजेड आत वळवत आणि भिंतीवरचे एकेक चित्र दाखवत. उजेड थोडाच, पण हवा तिथे पडलेला. रस्त्यालाही तेवढेच लागते.

वय आणि अवस्था

आता मूळ मुद्द्याकडे येतो. जुन्या गाडीची बाजू घेताना तिचे दोष झाकायचे नाहीत. ती जास्त धूर सोडते. बीएस-४ ची मानके देशभर २०१७ साली आणि बीएस-६ ची २०२० साली आली, त्याआधीची गाडी त्यांना उतरणार नाही. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही. अपघात झालाच तर नवी गाडी माणसाला जास्त वाचवते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्याला परवडते त्याने नवी घ्यावी. भंगार प्रमाणपत्र दाखवणाऱ्याला खासगी गाडीच्या रस्ताकरात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची सोय धोरणात आहे, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये लहान मोटारींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हेही खरे.

पण बँकेत तीस-पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय लागते. खाते थकले की कर्जदाराला बुडवा म्हणण्याआधी पैसा कुठे अडला ते पाहायचे. पीक आले का? आले तर विकले का? विकले तर जिनिंगवाल्याकडून पैसे सुटले का? टप्प्याटप्प्याने मोजत गेले की नेमकी गाठ सापडते. किती खाती अशी एका ठिकाणची गाठ सोडवल्यावर चालू झालेली मी पाहिली आहेत. त्या टपरीतल्या कारागिराने मीटर घेऊन जे केले ते हेच. कर्ज किती वर्षांचे आहे यावरून खात्याची प्रकृती कळत नाही, गाडीचीही नाही. पाच वर्षांची, नको ते बल्ब घातलेली गाडी ही पंचवीस वर्षांच्या नीट राखलेल्या गाडीपेक्षा रात्री जास्त धोकादायक असू शकते.

देशाचे भंगार धोरण मुळात हे तत्त्व मानते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. दिल्ली परिसर आणि सरकारी गाड्या सोडल्या तर नुसत्या वयावर खासगी गाडी मोडीत काढा असे ते म्हणत नाही. तपासणीत नापास झाली तर काढा, असे म्हणते. स्वयंचलित तपासणी केंद्रांत ब्रेक आणि धुराबरोबर हेडलाइटची तीव्रता व दिशा यंत्रावर मोजली जावी, अशी योजना आहे. कागदावर हे उत्तम. अडचण अशी की तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि फी दहा हजार. फीचा आकडा दिव्याच्या अवस्थेवर अवलंबून नाही, जन्मतारखेवर आहे. ज्याने दिवे नीट ठेवले त्याला आणि ज्याने वीस वर्षे बोनेट उघडले नाही त्यालाही तीच पावती. मग नीट ठेवण्याचे बक्षीस काय?

नोकरीत असताना काळ्यापिवळ्या जीपवाल्यांना आम्ही पुष्कळ कर्जे दिली. दरवर्षी तपासणी व्हायची. विम्याचा रकाना होता, परमिटचा होता, हप्त्यांचा होता. दिव्यांचा रकाना छापील फॉर्ममध्ये नव्हता. बँकेला आपल्या तारणाची काळजी. त्या जीपमागे लोंबकळून शेंदुर्णीच्या बाजाराहून परतणाऱ्या माणसाची काळजी कुठल्याच फॉर्ममध्ये नव्हती. फॉर्म बदलले, रकाने वाढले, पण उतारूच्या डोळ्यांनी गाडीकडे पाहायची पद्धत अजून यायची आहे.

करता येण्याजोगे

मोठ्या सूचना करायचा माझा अधिकार नाही. काही लहान सूचना मात्र कराव्याशा वाटतात. पीयूसीसाठी गाडी ठरावीक मुदतीने केंद्रावर जातेच. तिथेच समोरच्या भिंतीवर दोन रेघा मारून झोताची दिशा पाहायला दोन मिनिटे लागतील. आरटीओची शिबिरे तालुक्याच्या गावी होतात. त्यांत दिवे तपासायला गावातलेच अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियन बोलावता येतील. दिपवणाऱ्या बल्बसाठी चालकाला दंड होतो, तो व्हावाच; पण तो बल्ब उघडपणे विकणाऱ्या दुकानाचे काय, हेही विचारले पाहिजे. ट्रॉली आणि बैलगाडीच्या मागे चमकणारी लाल पट्टी लावायला शंभर-दोनशे रुपये लागतात. जिनिंग कारखान्यांनी आणि बाजार समितीने मनावर घेतले तर एका हंगामात तालुका पुरा होईल.

आणि त्या कारागिरालाही जपले पाहिजे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षाअखेर संकेतस्थळ काढले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. नव्या गाड्यांचे दिवे सीलबंद येतात. आतला एक तुकडा गेला तरी सबंध दिवा बदलायचा आणि हजारांत बिल मोजायचे. दोष शोधण्याची विद्या ज्याच्या बोटांत आहे, त्याच्या हाती नुसते बदलण्याचेच काम उरले, तर पुढच्या पिढीला ती विद्या शिकवणार कोण? आयटीआयमध्ये शिकणाऱ्या मुलाला मीटर धरायला शिकवले जाते. टपरीतल्या माणसाजवळ सहा महिने बसवले तर मीटर काय सांगतो हेही कळेल.

तोवर प्रत्येक घराने आपल्यापुरते करावे असे एक काम आहे. आज रविवार आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर सपाट जागी, एखाद्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर गाडी उभी करा. भिंतीवर दिव्यांच्या मध्याच्या उंचीवर खडूने एक आडवी रेघ मारा. डीपर लावा. झोताची वरची कड रेघेच्या दोन-तीन इंच खाली पडली पाहिजे, दोन्ही बाजूंची सारखी. ती रेघेच्या वर जात असेल तर मागच्या स्क्रूने खाली घ्या. मग घरातल्या तिघांना मागच्या सीटवर बसवून पुन्हा पाहा. मागे भार पडला की गाडीचे नाक वर होते आणि झोतही. लग्नाच्या वऱ्हाडाला निघताना हे ध्यानात ठेवावे. नंतर एकाने भिंतीजवळ उभे राहून गाडीकडे पाहावे. आपल्या दिव्यांकडे समोरून पाहायची वेळ चालवणाऱ्यावर कधीच येत नाही. ती समोरच्यावर येते.